‘गंगाधरपंतांचे पानिपत’ : कथेतील वस्तुस्थिती आणि वाचकाचे गृहीत

डॉ. जयंत नारळीकर यांची ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ ही कथा ‘यक्षांची देणगी’ (१९७९) या संग्रहात आहे. तिचे इंग्रजी रूप ‘द ॲडव्हेंचर’ या नावाने ‘हॉर्नबिल’ या अकरावीच्या पाठ्यपुस्तकात संक्षेपाने आले, आणि आज पदव्युत्तर वर्गात येणाऱ्या पुष्कळ विद्यार्थ्यांची या कथेशी पहिली ओळख तेथेच झालेली असते. म्हणून पुढील विवेचनातील तपशील त्या इंग्रजी पाठावरून घेतले आहेत. कथेविषयी लिहिण्यास सांगितले असता बहुतेक सारे जण जो सारांश देतात तो असा : ट्रकशी टक्कर होऊन प्रा. गंगाधरपंत गायतोंडे दुसऱ्या जगात गेले. त्या जगात पानिपत मराठ्यांनी जिंकले होते. आणि बखरीचे एक फाटके पान हा त्याचा पुरावा होय. सारांश सुटसुटीत आहे. परंतु त्यातील तीन विधाने एकाच दर्जाची नाहीत, हे सहसा कोणी पाहत नाही. त्यांतील कोणते विधान कथा स्वतः करते, कोणते कथेतील पात्र करते आणि कोणते आपण वाचक पदरचे घालतो, हे निवडून पाहण्याचा येथे प्रयत्न केला आहे.

कथानक थोडक्यात सांगणे अवश्य आहे. गंगाधरपंत जिजामाता एक्सप्रेसने पुण्याहून मुंबईस येतात. वाटेत ‘सरहद’ नावाचे स्थानक लागते आणि तेथून ब्रिटिश अंमल सुरू होतो. फोर्टमध्ये ईस्ट इंडिया कंपनीची कचेरी नांदत असते. मुलगा विनय ज्या कंपनीत नोकरीस असायचा तेथे त्या नावाचा कोणी नसतो. टाउन हॉलमधील ग्रंथालयात ते स्वतःच लिहिलेले इतिहासाचे पाच खंड वाचतात. पहिले चार ओळखीचे निघतात. पाचव्यात पानिपतापाशी इतिहास वळण घेतो. संध्याकाळी आझाद मैदानावरील एका सभेत रिकामी अध्यक्षाची खुर्ची पाहून ते तीत जाऊन बसतात, श्रोते खवळतात आणि त्या गर्दीत ते दिसेनासे होतात. पुढे हे सारे ते राजेंद्र देशपांडे या वैज्ञानिक मित्राला सांगतात, आणि मित्र त्याची उपपत्ती लावतो.

या कथेत बोलणारे तिघे आहेत : निवेदक, गंगाधरपंत आणि राजेंद्र. तिघांच्या वाक्यांना सारखेच वजन देणे ही वाचनातील पहिली चूक होय. मराठी वाचकाला ही चूक टाळण्याचे साधन त्याच्या क्रियापदातच आयते मिळालेले आहे. ‘ते गेले’, ‘ते गेले म्हणे’, ‘ते गेले असावेत’ आणि ‘ते गेलेले दिसतात’ ही चार वाक्ये एकच घटना सांगतात. पण बोलणारा त्या घटनेची जबाबदारी किती घेतो हे प्रत्येकात वेगळे आहे. पहिल्यात पूर्ण जबाबदारी आहे. दुसऱ्यात ती दुसऱ्याच्या तोंडी ढकललेली आहे. तिसऱ्यात केवळ अनुमान आहे. चौथ्यात समोरच्या खुणेवरून काढलेला निष्कर्ष आहे. व्याकरणाच्या पुस्तकांतून ‘म्हणे’ या शब्दास बहुधा दोन ओळींपलीकडे जागा मिळत नाही. व्यवहारात मात्र आपली निम्मी बातमी त्याच्याच आधारावर उभी असते. वर दिलेला सारांश या साधनाने पुन्हा लिहून पाहावा. ट्रकशी टक्कर झाली. येथे ‘झाली’ टिकते, कारण राजेंद्रही ती जमेस धरूनच बोलतो. गंगाधरपंत दुसऱ्या जगात गेले. येथे ‘गेले असावेत’ एवढेच म्हणता येते. त्या जगात मराठे जिंकले. हे ‘जिंकले म्हणे’ याच्या पुढे सरकत नाही, कारण ते त्यांनी एका पुस्तकात वाचले आहे.

आपला अनुभव सांगून झाल्यावर गंगाधरपंत राजेंद्रास विचारतात की, येथून नाहीसे होतो ते दोन दिवस मी नेमका होतो कोठे? हा प्रश्न साधा दिसतो. पण त्याच्या पोटात दोन गोष्टी गृहीत धरलेल्या आहेत : ते येथे नव्हते ही एक, आणि अन्यत्र कोठे तरी होते ही दुसरी. विधान नाकारता येते. प्रश्नात दडलेले गृहीत नाकारण्यासाठी प्रश्नच परत करावा लागतो, आणि संभाषणात तसे करणे उद्धटपणाचे वाटते. राजेंद्र प्रश्न परत करीत नाही. ते दोन दिवस गंगाधरपंत कोणास दिसले नाहीत काय, त्यांचा शोध झाला काय, याची चौकशी तो करीत नाही. टक्कर होण्यापूर्वी तुम्ही काय करीत होता, एवढेच विचारतो. त्या क्षणापासून ‘कोठे तरी’ ही कल्पना दोघांच्या बोलण्यात वस्तुस्थिती म्हणून वावरू लागते, आणि वाचकही तिच्यामागून जातो.

आता त्या पानाकडे वळू. कथेचा सारा भार त्यावर आहे. राजेंद्र हसतो, तेव्हा गंगाधरपंत एक छापील पान त्याच्यापुढे टाकतात. त्यावर गोळी विश्वासरावांना चाटून गेली असा मजकूर असतो. स्वतःजवळच्या ‘भाऊसाहेबांच्या बखरी’त त्याच जागी गोळी लागल्याचे वर्णन आहे. पान आहे, ते छापील आहे, आणि दोन पाठांत भेद आहे, इतके निवेदकाच्या साक्षीने सिद्ध होते. त्याविषयी शंका घेण्यास जागा नाही. परंतु हे पान ग्रंथालयातल्या प्रतीचे आहे, ती प्रत चुकून खिशात राहिली आणि मैदानावरच्या झटापटीत हरवली, हे सारे एकटे गंगाधरपंत सांगतात. आणि समजा, तेही खरे धरले. तरी त्यावरून काय सिद्ध होते? असा मजकूर कोणीतरी छापला होता, इतकेच. विश्वासराव वाचले हे त्यातून निघत नाही.

येथे मला राजवाड्यांचे स्मरण होते. ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड त्यांनी १८९८ साली प्रसिद्ध केला; त्यात १७५० ते १७६१ या, म्हणजे पानिपतापर्यंतच्याच, काळातील पत्रे आहेत, आणि त्याच्या प्रस्तावनेत बखरींच्या विश्वसनीयतेची त्यांनी कठोर झडती घेतली आहे. बखर ही घडून गेलेल्या गोष्टीची मागाहून सांगितलेली कथा असते. समकालीन पत्रापुढे तिची साक्ष दुय्यम ठरते. गंगाधरपंत इतिहासाचे प्राध्यापक आहेत. एका जगाच्या अस्तित्वाचा पुरावा म्हणून त्यांनी पुढे करावे काय, तर बखरीचे पान! या योजनेतील विनोद लेखकाला अभिप्रेत होता की नाही हे मी सांगू शकत नाही, पण कथेत तो आहे. राजेंद्र हा इतिहासाचा अभ्यासक नव्हे. छापील कागद हाती येताच तो गंभीर होतो, आणि वस्तुस्थिती कल्पिताहून विलक्षण असू शकते असे कबूल करतो. त्यावर गंगाधरपंत उतावळेपणाने विचारतात की, मग वस्तुस्थिती आहे तरी कोणती? हा प्रश्न कथेतील सर्वांत प्रामाणिक उद्गार आहे असे मला वाटते, आणि त्याचे उत्तर कथेत मिळत नाही.

तथापि येथे दुसऱ्या टोकाला जाण्याचेही कारण नाही. काही वाचक पानाचा पुरावा कच्चा पाहून लगेच म्हणतात की, हा सारा मेंदूला बसलेल्या धक्क्याचा परिणाम. गंगाधरपंतांना भ्रम झाला. हे मतही गृहीतच होय, आणि अधिक दुबळे. कारण भ्रमातून कागद निर्माण होत नाही. पान कोठून आले याचे उत्तर भ्रमवाद्याला द्यावे लागेल, आणि त्यासाठी कथेत नसलेला एखादा छापखाना किंवा लबाडी त्याला कल्पावी लागेल. त्या पानाचा उलगडा कोणत्याही एका वाचनाने पुरता होत नाही; कथेची संदिग्धता खरी आहे ती एवढ्यासाठीच.

राजेंद्राची उपपत्ती दोन सिद्धान्तांवर उभी आहे. ‘कॅटॅस्ट्रॉफी’चा सिद्धान्त रने टॉम यांच्या १९७२ च्या ग्रंथामुळे सर्वत्र चर्चिला गेला, कारणांत किंचित फरक होताच परिणामात एकदम उडी कशी पडते, याचे ते गणित आहे. विश्वासरावांवरील गोळीला ते लावणे ही एक चांगली उपमा आहे. दुसरा आधार पुंजसिद्धान्ताचा. आणि एकाहून अधिक जगांच्या कल्पनेचे नाते ह्यू एव्हरेट यांच्या १९५७ च्या मांडणीशी उघड आहे. परंतु पहिल्या सिद्धान्तात अनिश्चितता नाही आणि दुसऱ्यात प्राध्यापकाने एका शाखेतून दुसरीत जाऊन परत येण्यास जागा नाही. या दोहोंना जोडणारा पूल राजेंद्राने स्वतः बांधला आहे, आणि तो हे लपवीत नाही. संक्रमण का घडले हे सांगता येत नाही, विज्ञानात असे प्रश्न पुष्कळ आहेत, मी केवळ तर्क करतो, असे म्हणून तो पानिपताचा विचार करणाऱ्या मेंदूने चाप ओढल्यासारखे काम केले असावे असे सुचवितो. त्याचे ‘असावे’ वाचकाच्या सारांशात ‘केले’ होते. मात्र शेवटी राजेंद्रही घसरतो. आता तुम्हाला नुसते तर्क करण्याऐवजी प्रत्यक्ष अनुभवच सांगता येईल, असे तो हसत म्हणतो. म्हणजे त्याचा स्वतःचा तर्क पाच-दहा मिनिटांतच त्याच्या लेखी वस्तुस्थिती झालेला असतो. त्याचे भाषण थोडे आखूड असते तर कथा अधिक बळकट झाली असती, असे माझे मत आहे.

ही घसरण वाचकाला खटकत नाही, याचे एक कारण कथेबाहेरचे आहे. लेखक जगन्मान्य खगोलभौतिकीज्ञ असल्यामुळे राजेंद्राचे बोलणे लेखकाच्याच अधिकाराने ऐकले जाते. नारळीकरांना स्वतःला या गोष्टीची जाणीव होती असे दिसते. मराठी विज्ञान परिषदेच्या १९७४ च्या स्पर्धेसाठी ‘कृष्णविवर’ ही कथा त्यांनी नारायण विनायक जगताप या नावाने पाठविली. आपल्या आद्याक्षरांचा क्रम उलटून हे नाव त्यांनी घेतले होते. परीक्षकांनी कथा वाचावी, नाव वाचू नये, हा त्यामागील हेतू. आपण मात्र पाठ्यपुस्तकातील नाव आधी वाचतो.

गृहीत किती सहज शिरते याचे एक उदाहरण आमच्याच परिसरातले देतो. कथेतील त्या जगात वसई कोणाकडे असेल, असा प्रश्न माणिकपूरच्या विद्यार्थ्यांपुढे टाकला की, बहुतेकांचे उत्तर ‘इंग्रजांकडे’ असे तात्काळ येते. कारण विचारले तर, सरहद ओलांडून मुंबईच्या उपनगरी गाड्यांचे राज्य सुरू होते आणि वसई त्याच गाड्यांवर आहे, असे सांगतात. हा आजचा रेल्वेचा नकाशा झाला. चिमाजी अप्पांनी वसई घेतली ती १७३९ साली. दोन्ही इतिहासांची वाट फुटते ती १४ जानेवारी १७६१ रोजी. म्हणजे वाट फुटताना वसई मराठ्यांची होती, हे दोन्ही जगांना समान आहे. आपल्या इतिहासात ती डिसेंबर १७८० मध्ये इंग्रजांनी घेतली, सालबाईच्या तहाने परत दिली, आणि ३१ डिसेंबर १८०२ च्या तहास तिचेच नाव मिळाले. त्या जगात यांतले काही घडले काय? पाचव्या खंडात कंपनीचा प्रभाव मुंबई, कलकत्ता व मद्रास यांच्या आसपास उरला आणि १९०८ च्या तहाने मुंबई २००१ पर्यंत भाडेपट्ट्याने इंग्रजांकडे राहिली, असे आहे. वसईविषयी कथा गप्प आहे. सरहद स्थानक पुण्याच्या वाटेवर आहे. उत्तरेची सीमा कोठे होती, हे सांगितलेलेच नाही.

कथेचे मौन आणि कथेच्या घडणीतील अपघात यांत मात्र भेद केला पाहिजे. याचा सर्वांत बोधक दाखला चित्रपटात सापडतो. फिलिप के. डिक यांच्या १९६८ च्या कादंबरीवरून रिडली स्कॉट यांनी केलेल्या ‘ब्लेड रनर’ (१९८२) मध्ये सहा कृत्रिम मानव पळाले व एक मेला असे पोलीस अधिकारी नायकाला सांगतो. उरले पाच, पडद्यावर येतात चार. मग पाचवा कोण? नायकच, असा तर्क अनेक वर्षे मोठ्या हिरिरीने मांडला गेला. वस्तुतः संहितेतील एक पात्र चित्रीकरणापूर्वी गाळले गेले होते आणि संवादातील आकडा तसाच राहिला होता. २००७ च्या अंतिम आवृत्तीत ‘दोन मेले’ अशी दुरुस्ती झाली. १९९२ च्या आवृत्तीतील एकशिंगी घोड्याचे स्वप्न ही गोष्ट निराळी. ते दिग्दर्शकाने जाणून घातलेले आहे आणि नायकाविषयीच्या शंकेला त्याचा खरा आधार मिळतो. आपल्या कथेपुरते सांगायचे तर, संक्षिप्त पाठात टक्कर प्रत्यक्ष दाखविलेली नाही, केवळ मागाहून उल्लेखिली आहे, म्हणून ती संशयास्पद ठरविणे हा त्या आकड्यासारखाच प्रकार होय. ज्याला तो मुद्दा लढवायचा असेल त्याने पूर्ण पाठ समोर ठेवावा.

मराठी शीर्षकाविषयी दोन शब्द लिहिणे भाग आहे, कारण इंग्रजी नावात ते हरवले. ‘पानिपत होणे’ म्हणजे धुळधाण होणे. हा वाक्प्रचार १७६१ च्या पराभवातूनच भाषेत आला. विश्वास पानिपतात गेला, ही कोटीही त्याच दिवसाची. ज्या जगात ती लढाई जिंकली गेली तेथे या शब्दप्रयोगांना हा अर्थ असणे शक्य नाही. तेथे ‘पानिपत’ हा कदाचित विजयाचाच पर्याय झाला असता. म्हणून आझाद मैदानावर गंगाधरपंतांचे जे झाले त्याला ‘पानिपत’ म्हणणारा निवेदक आपल्या जगात उभा राहून बोलतो आहे. शीर्षक पात्राचे नव्हे, निवेदकाचे आहे. कथेतील हा एक पुरावा असा आहे की तो कोणाच्या साक्षीवर अवलंबून नाही.

पानिपताने मराठी मनाला अशा प्रश्नांची सवय फार पूर्वीच लावली आहे. सदाशिवरावभाऊ गर्दीत शिरले ते पुन्हा दिसले नाहीत. त्यांचे काय झाले हे ठाऊक नाही, असे राजेंद्रसुद्धा जपून म्हणतो. पार्वतीबाई मात्र ते जिवंत आहेत असे धरून अखेरपर्यंत सौभाग्यलेणे लेऊन राहिल्या, आणि भाऊ म्हणून पुढे आलेल्या तोतयाला १७७६ साली देहान्त शिक्षा झाली. तोतयाची चौकशी तरी झाली होती. गंगाधरपंतांच्या पानाची तेवढीही होत नाही. पानिपतावर परिसंवाद भरावयाचा आहे, त्यात त्यांना आपले हजारावे अध्यक्षीय भाषण करावयाचे आहे, आणि खिशात असा कागद आहे की जो पाहण्यासाठी जमलेल्या प्रत्येक इतिहासकाराने धाव घेतली असती. आपले हजारावे भाषण आझाद मैदानावर झाले, असे सांगून ते आयोजकांना नकार कळवितात. पानाचे पुढे काय झाले, हे कथा सांगत नाही.