पानिपतापूर्वीचा हिशेब

त्र्यंबक शंकर शेजवलकरांचे ‘पानिपत : १७६१’ डेक्कन कॉलेजने १९४६ साली इंग्रजीत काढले, मराठीत ते १९६१ साली आले. पानिपतावर लिहू पाहणाऱ्याला आजही हे पुस्तक टाळून पुढे जाता येत नाही. मराठे लुटीसाठी नव्हे, तर हिंदुस्थान हिंदुस्थानातल्यांचे, परक्या अब्दालीचे नव्हे, या तत्त्वासाठी लढले, हा त्यातला मुख्य सिद्धांत. त्याला आधार आहे तो एप्रिल १७५२ च्या अहदनाम्याचा. वजीर सफदरजंगामार्फत झालेल्या या कराराने मराठ्यांनी बादशाहीच्या रक्षणाची जबाबदारी घेतली. आठ वर्षांनी भाऊसाहेब उत्तरेत गेले ते ही जबाबदारी निभावायला, असे शेजवलकर मानतात.

तत्त्व होते, हे मलाही मान्य आहे. माझा आक्षेप आहे तो या सिद्धांतावरून आपण वाचकांनी काढलेल्या अनुमानावर. आपण सर्वांसाठी लढलो, तरी राजपूत घरी बसले, जाट निघून गेला, शुजा शत्रूला मिळाला; म्हणजे ते सारे कृतघ्न! पुण्यात पानिपतावरचे कोणतेही व्याख्यान ऐका, हा सूर लागतोच.

मी इतिहासाची पदवी घेतलेली नाही. मोडी शिकलो ती नोकरी सांभाळून. म्हणून असेल, पण कागद हाती आला की माझी नजर आधी रकमांवर जाते. अहदनाम्यात रक्षणाच्या बदल्यात काय मिळायचे होते? रोख पन्नास लाख, पंजाब, सिंध व दुआबाची चौथाई, आणि अजमेर व आग्रा या दोन सुभ्यांची सुभेदारी. ही शेवटची बाब आपण भरभर वाचून पुढे जातो. अजमेरचा सुभा म्हणजे राजपुतांचे अंगण आणि आग्र्याचा सुभा म्हणजे जाटांचे दार. दिल्लीच्या रक्षणाची किंमत अशा रीतीने राजपूत आणि जाट यांच्या खात्यावर मांडली गेली, आणि त्यांना कोणी विचारलेही नाही. पुण्याहून पाहताना या कागदात कर्तव्य दिसते. जयपुरातून तोच कागद कसा दिसला असेल?

जयपुराला तर अनुभवही होता. सवाई जयसिंह १७४३ साली वारला आणि ईश्वरीसिंह व माधोसिंह या भावांत गादीचा तंटा लागला. शिंद्यांचा कल एकीकडे, होळकरांचा दुसरीकडे, आणि दोन्ही पक्षांशी बोलणी पैशांची. डिसेंबर १७५० मध्ये थकलेली खंडणी वसूल करायला मल्हारराव जयपुराजवळ आले, तेव्हा ईश्वरीसिंहाने विष घेतले. होळकरांच्या जोरावर गादीवर आलेला माधोसिंह तरी उपकार स्मरेल, अशी अपेक्षा असणार. त्याच्याकडेही नव्या मागण्या गेल्या, आणि जानेवारी १७५१ मध्ये जयपूर शहरात आलेल्या मराठ्यांची कत्तल झाली. मेलेल्यांची संख्या हजारांवर होती. पानिपताच्या वेळी तटस्थ राहिलेला राजा तो हाच माधोसिंह. मारवाडातही तोच प्रकार: जयाप्पा शिंदे नागोरच्या वेढ्यात १७५५ साली मारेकऱ्यांच्या हातून पडले.

शुजाची गोष्ट याहून सरळ आहे. त्याचा बाप सफदरजंग मराठ्यांचा मित्र. पण काशी आणि प्रयाग आम्हांला द्या, ही पुण्याची मागणी काही थांबली नाही. १७६० च्या उन्हाळ्यात दोन्ही बाजूंचे वकील शुजाकडे खेपा घालत होते. त्याने अब्दालीची बाजू घेतली ती धर्मामुळे, असे सांगितले जाते, आणि ते अगदीच खोटे नसेल. पण अब्दाली लढाईनंतर परत जाणारा होता, मराठे मात्र काशी मागत शेजारीच राहणार होते. एवढा हिशेब कोणाही वजीराला येतो.

याला पुण्याचा स्वार्थ म्हणावे तर तेही मला अवघड वाटते. स्वार्थ नीट पाहिला असता तर जयपूरची बाकी सोडून देणे स्वस्त पडले असते. सरदेसाईंनी संपादित केलेल्या पेशवे दप्तराचे ४५ खंड चाळताना कर्ज, तनखा आणि सावकार यांचा घोर पानोपानी भेटतो. फौज हलली की देणे वाढे, आणि ते फेडायला जवळच्याकडूनच उगवणी करावी लागे. दिल्लीत दिवाण-ए-खासचे चांदीचे छत उतरवून वितळवण्याची पाळी भाऊसाहेबांवर आली, ती याच तंगीमुळे.

आजच्या काळातला एक दाखला देतो. एप्रिल २०१५ मध्ये नेपाळात भूकंप झाला तेव्हा भारताची मदतीची विमाने काही तासांत काठमांडूला पोहोचली. सप्टेंबरात नव्या राज्यघटनेवरून सीमेवर ट्रक अडकले. आपण ते अडवले नाहीत, असे दिल्ली सांगत राहिली. चुलीला गॅस न मिळालेल्या नेपाळी घरांना ते पटले नाही. एप्रिलची मदत खरी होती, तरीही पटले नाही.

शेजवलकरांच्या सिद्धांतात सर्वांत अवघड बसतो तो सूरजमल जाट. कुंभेरीचा १७५४ चा वेढा त्याच्यावर होता. मल्हाररावांचा मुलगा खंडेराव तिथे पडला, आणि तीस लाखांचे हप्ते ठरवून वेढा उठला. दिल्ली हाती आल्यावर, १७६० साली, भाऊसाहेबांशी न पटून तो निघून गेला. मात्र जानेवारी १७६१ मध्ये पानिपताहून उपाशी, जखमी, अंगावर धड वस्त्र नसलेली माणसे त्याच्या मुलखात आली, तेव्हा त्याने आणि राणी किशोरीने त्यांना अन्नवस्त्र दिले, औषधपाणी केले, वाटखर्ची देऊन पुढे रवाना केले. जखमी समशेर बहादूर त्याच्याच आश्रयाला वारला. या माणसांकडून त्याला त्या घडीला काही मिळण्यासारखे नव्हते, आणि अब्दाली अजून दिल्लीत होता.

त्याच वर्षी जूनमध्ये सूरजमलाने आग्र्याचा किल्ला घेतला. अहदनाम्याने पेशव्यांच्या नावे लिहून दिलेला आग्रा तो हाच.