व्हिंपरचें मॅटरहॉर्न

एडवर्ड व्हिंपर याचें आल्प्समधील भटकंतीचें पुस्तक १८७१ सालीं प्रसिद्ध झालें. गिर्यारोहणाच्या वाङ्मयांत त्यास मिळालेलें मानाचें स्थान आम्हांस मान्य आहे. मात्र तें ज्या साहसाकरितां वाखाणलें जातें, तें त्याचें खरें वैशिष्ट्य नव्हे. मॅटरहॉर्नची ओढ उंचीमुळें नाहीं. त्याहून उंच असलेला माँ ब्लाँ १७८६ सालींच सर झाला होता. चारी बाजूंनीं तुटलेला हा एकाकी सुळका पाहणारास ‘येथें वाट नाहीं’ असें सांगतो, आणि हें सांगणें खरें कीं खोटें, हाच व्हिंपरच्या पुस्तकाचा विषय आहे.

व्हिंपर व्यवसायानें लाकडावर चित्रें कोरणारा. १८६० सालीं एका लंडनच्या प्रकाशकासाठीं तो आल्प्समध्यें गेला. इटलीच्या बाजूनें त्यानें वारंवार प्रयत्न केले आणि दर वेळीं त्याच्या पदरीं अपयश आलें. १८६२ मध्यें एकटा उतरत असतां तो सुमारें दोनशें फूट कोसळला. पडतांना वेदना जाणवल्या नाहींत, हें तो ज्या कोरडेपणानें सांगतो तो कोरडेपणा कसलेल्या लेखकासही हेवा वाटावा असा आहे. पण त्याची खरी करामत पुढें दिसते. झेरमाटहून समोर पाहिलें असतां उभी भिंत भासणारी बाजू कडेनें पाहिल्यास पुष्कळच कमी उताराची आहे, आणि तिकडील खडकाचे थर जिन्यासारखे आंत कललेले आहेत, हें त्यानें ओळखलें. ही चित्रकाराची नजर! त्याच बाजूनें १४ जुलै १८६५ रोजीं सात जण शिखरावर पोंचले.

उतरतांना हॅडोचा पाय निसटला. क्रोझ, हडसन व लॉर्ड फ्रान्सिस डग्लस त्याच्यासह गेले. डग्लस आणि वाटाड्या म्हातारा टाउगवाल्डर यांच्यामधला दोर तुटला. म्हणून व्हिंपर व टाउगवाल्डर बापलेक वांचले.

येथें मात्र ती नजर आम्हांस मंद झालेली दिसते. टाउगवाल्डरनें दोर कापला, हा आरोप व्हिंपर स्वतःच खोडून काढतो, आणि लगेच तुटलेला दोर सर्वांत कमजोर होता ही गोष्ट संशयास्पद आहे, असें जोडून देतो. वस्तुतः तो पूर्वीच्या सफरींत व्हिंपर स्वतः वापरीत असे त्याच जातीचा होता. पर्वताविषयीं अनुमान करतांना प्रत्येक थर तपासणारा हा लेखक एका खेडुताविषयीं अर्धवट वाक्यावर थांबतो, हें आम्हांस क्षम्य वाटत नाहीं. टाउगवाल्डर १८८८ सालीं वारला. उत्तरादाखल पुस्तक लिहिणें त्याच्या आवांक्यांतलें नव्हतें.