गाण्याचे पडते दिवस

संगीताचा सर्वांत चांगला काळ कोणता, यावर आपल्याकडे फारसा वाद होत नाही. ज्याने त्याने आपल्या विसाव्या वर्षी त्याचा निकाल लावून ठेवलेला असतो आणि पुढे उभ्या आयुष्यात त्यावर अपील चालत नाही. वाद रंगतो तो सर्वांत वाईट काळ कोणता, यावर. आजोबा, मुलगा आणि नातू यांना एकत्र बसवून हा प्रश्न मध्ये टाकावा आणि चकल्यांचे ताट जवळ ओढून स्वस्थ ऐकत राहावे. आजोबा म्हणतील, हाणामारीचे चित्रपट आले आणि गाणे बुडाले. मुलगा म्हणेल, जुन्या गाण्यांना नवे ठेके लावून विकायला लागले तेव्हा. नातवाला दोघांचेही काळ सारखेच पुरातन वाटतात. प्रत्येकाचा वाईट काळ त्याच्या तारुण्याची मुदत संपली की दुसऱ्या दिवशी सुरू होतो, हे अशा बैठकीत हटकून लक्षात येते.

यावर हसून 'ज्याची त्याची आवड' म्हणत उठणे सोपे आहे. पण मला ते पटत नाही. आवडीवर सोडून दिले की विचार संपला. पाऊसपाणी जसे एका वर्षी बरे आणि एका वर्षी वाईट असते, तसे गाण्याचेही असले पाहिजे; आणि असलेच, तर ते का, हे शोधता आले पाहिजे. मी येथे हिंदी चित्रपटगीतापुरते बोलतो. मराठी घराला ते परके नाही. सी. रामचंद्र, वसंत देसाई, मंगेशकर भगिनी यांनी ते आपल्या ओसरीवर आणून ठेवले आहे. आणि या गीताच्या दरबारात आरोपी म्हणून जो काळ नेहमी उभा केला जातो, तो म्हणजे १९८० ते १९९० हे दशक.

आरोपपत्र वाचण्यापूर्वी एका जुन्या खटल्याची आठवण करून देतो. १९५२ साली बाळकृष्ण विश्वनाथ केसकर हे केंद्रात नभोवाणीमंत्री झाले. गृहस्थ मराठी, विद्वान आणि शास्त्रीय संगीताचे जाणकार. त्यांना चित्रपटगीत म्हणजे सवंग, उथळ, पाश्चात्त्य वाद्यांच्या गोंगाटाने भरलेला प्रकार वाटे. आकाशवाणीवर चित्रपटगीतांना कात्री लागली, गाण्याबरोबर चित्रपटाचे नाव सांगणे बंद झाले, निर्मात्यांनी चिडून आपले हक्क काढून घेतले आणि सरकारी नभोवाणीवरून हे गाणे जवळजवळ नाहीसे झाले. श्रोत्यांनी मुकाट्याने काटा फिरवला आणि रेडिओ सिलोन लावले. अमीन सायानींची 'बिनाका गीतमाला' त्याच वर्षी सुरू झाली. सरकारला 'विविध भारती' सुरू करायला १९५७ चा ऑक्टोबर उजाडावा लागला.

आता ज्या गाण्याला केसकरांनी दाराबाहेर उभे केले, ते कोणते होते? १९५२ साली 'बैजू बावरा' आला. नौशादांच्या त्या चित्रपटात उस्ताद अमीरखाँ आणि आपले दत्तात्रेय विष्णु पलुसकर यांची जुगलबंदी होती. आदल्या वर्षीचा 'अलबेला' हा सी. रामचंद्रांचा. त्यात ट्रंपेट आहे, बोंगो आहे, आणि गोव्याचा ट्रंपेटवादक चिक चॉकलेट आपल्या ताफ्यासह पडद्यावरही झळकतो. ज्या काळाला आज आजोबा सुवर्णयुग म्हणतात, त्याच काळाला त्या वेळच्या एका सुसंस्कृत, जाणत्या माणसाने अधःपात म्हटले होते. आणि त्याची कारणे वाचली तर ती पुढे डिस्कोविरुद्ध दिलेल्या कारणांहून फारशी निराळी नाहीत. परदेशी वाद्ये, परदेशी ठेका, शब्दांना अर्थ नाही, तरुण बिघडले! तेव्हा वाद्यावरून आणि ठेक्यावरून काळाला दोषी ठरवायचे असेल, तर 'अलबेला'लाही त्याच पिंजऱ्यात उभे करावे लागेल. ते धैर्य आपल्यापैकी कोणात आहे, असे मला वाटत नाही.

पण या खटल्याला आणखी एक बाजू आहे, ती सांगितली नाही तर केसकरांवर अन्याय होईल. चित्रपटगीत गेले तेव्हा नभोवाणीला रिकामी जागा भरावी लागली. तिने आपले स्वतःचे सुगम संगीत उभे केले. कवी, संगीतकार आणि गायक यांना केंद्रांवर बोलावले. त्याच वातावरणात १९५५-५६ मध्ये पुणे केंद्रावरून माडगूळकर-फडके यांचे 'गीतरामायण' वर्षभर चालले. त्यात छप्पन्न गीते झाली. एक दार बंद झाले तेव्हा गाणे दुसऱ्या घरी जाऊन राहिले. ही गोष्ट वाचकांनी मनात ठेवावी. माझा पुढचा सारा युक्तिवाद तिच्यावरच उभा आहे.

आता दशकाकडे वळू. १९८२ चा 'डिस्को डान्सर', १९८३ चा 'हिम्मतवाला' आणि त्यामागून आलेली रांग. हे सारे ऐकून मी म्हणतो की आरोप खोटा नाही. विशेषतः १९८३ ते १९८७ ही पाच वर्षे हिंदी चित्रपटगीताची पडती वर्षे होती. त्यातील बरेचसे गाणे आज ऐकताना त्याची मौज वाटते, पण ती आठवणीची मौज आहे; चालीला आणि शब्दाला स्वतःचे वजन फार कमी आहे.

कारणे मात्र ठेक्यात नाहीत. पहिले कारण काळाने केलेले. मदनमोहन, सचिन देव बर्मन आणि वसंत देसाई हे तिघेही १९७५ या एकाच वर्षात गेले. १९७६ मध्ये मुकेश, १९८० मध्ये मोहम्मद रफी आणि साहिर, १९८२ च्या आरंभी सी. रामचंद्र. घरातली कर्ती माणसे अशी लागोपाठ गेली म्हणजे स्वयंपाक पूर्वीसारखा होत नाही, हे सांगायला नको.

दुसरे कारण कथेतले. गाण्याला थांबलेली वेळ लागते. नायिका खिडकीशी उभी आहे, नायक होडीत बसला आहे, काही घडत नाही, म्हणून कोणीतरी गाते. १९७३ च्या 'जंजीर'पासून नायकाला थांबायला सवडच राहिली नाही. संतापलेला माणूस गात नाही. गायलाच तर ते पटत नाही. मग गाणे कथेतून सुटले आणि कथेला चिकटवले जाऊ लागले. प्रेक्षक गाणे लागले की चहाला बाहेर जाऊ लागले. ज्या गाण्याच्या वेळी लोक उठतात, त्यासाठी कवीने रात्र जागून काढावी कशाला?

तिसरे कारण प्रेक्षकांचे. १९८२ च्या आशियाई क्रीडास्पर्धांबरोबर रंगीत दूरदर्शन आले, त्याच सुमारास व्हिडिओ आला, आणि कुटुंबासह चित्रपटाला जाणारा मध्यमवर्ग घरी बसला. आई, मुली, सुना यांनी एकत्र बसून ऐकावे असे गाणे करण्याची गरज निर्मात्याला उरली नाही.

चौथे कारण मला सर्वांत मोठे वाटते, ते घाईचे. बप्पी लाहिरींच्या नावावर १९८६ या एका वर्षात तेहतीस चित्रपटांचा विक्रम नोंदला गेला. वर्षाचे आठवडे बावन्न. यात चाल सुचायची कधी, मुरायची कधी, गायकाच्या गळ्यात बसायची कधी? लोणचे घातल्या दिवशी वाढायला घेतले तर ते लागणार कसे? आणि हाच संगीतकार १९८५ च्या 'ऐतबार'मध्ये किती संयमाने गझल बांधतो, ते ज्यांनी ऐकले आहे त्यांना माझे म्हणणे पटेल. या माणसाजवळ सूर होता. नव्हती ती उसंत, आणि ती त्याला कोणी देऊ केली नाही. मात्र हाती आलेले प्रत्येक काम स्वीकारले ते त्यानेच, हेही नमूद केले पाहिजे.

इथवर फिर्यादी पक्ष जिंकला असे दिसते. पण ही पडती वर्षे चित्रपटगीताची होती. लोकप्रिय संगीताची होती का? गाणे बुडाले, की घर बदलून गेले?

पाहू या. त्याच दशकाच्या तोंडावर, १९८१ मध्ये खय्यामांचा 'उमराव जान' आला, १९८२ मध्ये त्यांचाच 'बाजार'. १९८७ मध्ये 'इजाजत' आला आणि गुलजार, राहुलदेव बर्मन व आशा भोसले यांनी चालीची सारी वहिवाट मोडून दाखवली. चांगले गाणे बड्या चित्रपटातून निघून छोट्या चित्रपटात गेले होते. जगजित सिंग, गुलाम अली, पंकज उधास यांच्या गझला ध्वनिमुद्रिकांतून आणि कॅसेटींतून घरोघर पोचल्या. ज्यांना चित्रपटात शब्द मिळत नव्हता, ते तो तेथे शोधू लागले. आपल्या मराठीत १९८२ मध्ये जब्बार पटेलांचा 'उंबरठा' आला. हृदयनाथ मंगेशकरांच्या त्यातल्या चाली आणि सुरेश भटांचे शब्द ज्या वर्षी जन्मले, त्याच वर्षी 'डिस्को डान्सर'ही जन्मला, हे काळाला नावे ठेवणाऱ्यांनी एकदा शांतपणे कॅलेंडरात पाहावे.

आणि कॅसेटची गोष्ट एवढ्यावर संपत नाही. रेकॉर्ड काढायला कंपनीची मर्जी लागे. नभोवाणीवर यायला परीक्षकांची. कॅसेट स्वस्त होती, ती गल्लीतही निघत होती. प्रल्हाद शिंदे यांचा तो भरदार, मातीचा आवाज तिच्यामुळे गावोगाव घुमला. मी त्या वर्षांत एस.टी.ने पुष्कळ हिंडलो. स्टँडावरच्या टपरीत, उसाच्या गुऱ्हाळात, रसवंतीत हाच आवाज भेटे. विठोबाची गाणी आणि भीमगीते एकाच यंत्रावर एकामागून एक लागत. वामनदादा कर्डकांसारख्या कवीची गाणी सुशिक्षित घरातल्या दिवाणखान्यात फारशी पोचली नव्हती, पण ज्या वस्त्यांसाठी ती लिहिली होती तेथे ती मुखोद्गत होती, आणि कॅसेटने त्यांना लांबचा पल्ला दिला. आम्ही 'गाण्याचे वाटोळे झाले' म्हणून उसासे टाकत होतो, तेव्हा महाराष्ट्रातल्या फार मोठ्या समाजाला आपले गाणे आपल्या पैशाने विकत घेऊन आपल्या घरात वाजवता येऊ लागले होते. या दशकाला सर्वांत वाईट म्हणताना ती घरे मोजायची, की फक्त आपले?

याच्या उलट उदाहरणही ध्यानात घ्यावे. १९८८ च्या 'कयामत से कयामत तक'ने आणि १९८९ च्या 'मैंने प्यार किया'ने गोडवा परत आणला, असे सर्वजण म्हणतात. ते खरेही आहे. आणि दुसऱ्या चित्रपटाचे संगीतकार रामलक्ष्मण म्हणजे आपले विजय पाटील, दादा कोंडक्यांच्या 'पांडू हवालदार'चे संगीतकार, याचा आपल्याला अभिमानही वाटतो. पण हा गोडवा परतला त्याच सुमारास मुंबईच्या ध्वनिमुद्रणालयांतून शंभर-शंभर वादकांचा ताफा उठू लागला. सिंथेसायझर आले, वाद्ये एकेक करून निरनिराळी मुद्रित करण्याची सोय झाली, आणि व्हायोलिनच्या रांगा अनावश्यक ठरल्या. त्या रांगांत गोव्याचे किती वादक होते! प्यारेलालांना व्हायोलिन शिकवणारे मजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस आपल्याला ठाऊक झाले ते १९७७ च्या 'अमर अकबर अँथनी'मधील पात्राच्या नावावरून. बाकीच्यांची नावेही आपल्याला माहीत नाहीत. श्रोत्याला जे सुगीचे दिवस वाटले, ते या माणसांचे पडते दिवस होते. म्हणून माझा निकाल श्रोत्याच्या खुर्चीवरून दिलेला आहे, हे मान्य करूनच तो वाचावा.

तो निकाल असा : हिंदी चित्रपटगीताचा सर्वांत पडता काळ १९८३ ते १९८७, लोकप्रिय संगीताचा तो पडता काळ नव्हे. एखाद्या गाण्याला घडायला वेळ आणि राहायला घर लागते. या दोन्ही गोष्टी ज्या ठिकाणी मिळेनाशा होतात, तेथून ते निघून जाते. आपण मात्र जुन्या घरासमोर उभे राहून 'मेले, मेले' म्हणत बसतो.

आजच्या गाण्याविषयी विचाराल तर तेच माप लावून पाहतो. मोबाइलवर अर्ध्या मिनिटाचा तुकडा गाजावा म्हणून केलेले गाणे मला १९८६ च्या घाईची आठवण करून देते. चित्रपटात गाणे पुष्कळदा पात्रांच्या तोंडी नसते, मागून वाजते. म्हणजे कथेत त्याला पाहुण्यासारखे वागवले जाते. ही लक्षणे चांगली नाहीत. पण २०१६ च्या 'सैराट'साठी अजय-अतुल हॉलिवुडमध्ये जाऊन भला मोठा वाद्यवृंद वाजवून घेतात, आणि ते मराठी गाणे मराठी न येणारी माणसेही नाचतात, तेव्हा मी जरा सावध होतो. मुंबईतून उठलेल्या व्हायोलिनच्या रांगा सातासमुद्रापलीकडे भाड्याने घ्याव्या लागल्या, याचे वाईट वाटते. पण कोणाला तरी त्यांची आठवण होती, याचे बरेही वाटते.

तेव्हा घरातल्या तरुणाने कानाला लावलेल्या त्या यंत्रात काय चालले आहे, ते नावे ठेवण्यापूर्वी एकदा मागून घेऊन ऐकावे. दहांतली नऊ गाणी टाकाऊ निघतील. १९५२ मध्येही दहांतली नऊ टाकाऊच होती. ती आपण विसरलो, म्हणून त्या काळाला सोन्याचा म्हणतो. दहावे ऐकून मग काय ते बोलावे.