ध्वनिफितीवरील मैफल : गिरगावच्या श्रवणपरंपरेच्या संदर्भात एक चिकित्सा

प्रस्तावना

हजारो तासांचे संगीत भ्रमणध्वनीवर उपलब्ध असतानाही स्पूल टेपरेकॉर्डर आणि कॅसेट डेक जपणारा, दुरुस्त करून वापरणारा रसिकवर्ग टिकून आहे. त्याच्या या आवडीची संभावना इतरेजन केवळ स्मरणरंजन म्हणून करतात. स्वतः रसिक मात्र तिचे समर्थन फितीच्या 'उबदार' नादाच्या आधारे करतात. ही दोन्ही स्पष्टीकरणे अपुरी आहेत. रागसंगीताच्या, विशेषतः गिरगावसारख्या मैफलींच्या वस्तीच्या संदर्भात पाहिल्यास या आवडीचे मूळ नादाच्या गुणापेक्षा काळाच्या अखंडतेत आढळते. प्रस्तुत लेखात याच मुद्द्याचा विचार केला आहे.

तबकडीची चौकट

प्रा. बी. आर. देवधर यांनी १९२५ मध्ये स्थापन केलेले स्कूल ऑफ इंडियन म्युझिक गिरगावातील ऑपेरा हाउस परिसरात होते. १९३०च्या दशकात कुमार गंधर्वांची जडणघडण तेथे झाली. लक्ष्मीबाग हे मैफलींचे सभागृहही याच परिसरातले. या वस्तीतील श्रोत्याला रागाचा विस्तार तासाच्या मापाने परिचित होता. याउलट, भारतात १९०२ मध्ये सुरू झालेल्या व्यावसायिक ध्वनिमुद्रणाने गायकाला दिली ती जेमतेम तीन-साडेतीन मिनिटे. या मर्यादेतूनही आटोपशीर मांडणीची एक स्वतंत्र कला निर्माण झाली, हे मान्य केले पाहिजे. परंतु विलंबित ख्यालाची संथ बढत त्या चौकटीत मावणे शक्य नव्हते.

केसरबाई केरकर यांचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. १९७७ मध्ये व्हॉयेजर यानांबरोबर अंतराळात गेलेले त्यांचे भैरवीतील गायन सुमारे साडेतीन मिनिटांचेच आहे. त्यांचे गुरू अल्लादियाखाँ १९४६ मध्ये मुंबईत निवर्तले. त्यांच्या गायनाचे तर ध्वनिमुद्रणच उपलब्ध नाही. एका घराण्याच्या प्रवर्तकाचे गाणे केवळ शिष्यांच्या गळ्यातून आणि श्रोत्यांच्या आठवणींतून उरावे, या हानीची जाणीव असलेल्या पिढीच्या हाती पुढे टेपरेकॉर्डर आला. त्या यंत्राविषयीची आस्था या पार्श्वभूमीवर समजून घ्यावी लागते.

फितीचे योगदान

चुंबकीय फितीचे तंत्र जर्मनीत विकसित झाले; १९३५ मध्ये बर्लिनच्या प्रदर्शनात मॅग्नेटोफोन हे यंत्र सादर झाले. सात इंची स्पूलवरील १,२०० फूट फीत सेकंदाला साडेसात इंच या वेगाने ३२ मिनिटे चालते. वेग निम्मा केल्यास ६४ मिनिटे. फिलिप्सने १९६३ मध्ये आणलेल्या कॅसेटने हीच सोय अधिक स्वस्त व सुटसुटीत केली. आता संपूर्ण ख्याल मुद्रित होऊ लागला. त्याबरोबर तानपुरे जुळवणे, समेवरची दाद, मध्येच आलेली खोकल्याची उबळ आणि गायकाने साथीदाराला केलेली सूचनाही. तबकडीवर गायक यंत्रासमोर गातो. फितीवर तो श्रोत्यांसमोर गातो. हा भेद केवळ तांत्रिक नसून सौंदर्यशास्त्रीय आहे, कारण मैफलीचे गाणे श्रोत्यांच्या प्रतिसादातून आकार घेत असते.

नादाच्या श्रेष्ठतेचा दावा

फितीचा नाद अधिक 'खरा' असतो, हा दावा मात्र टिकत नाही. ध्वनिसंकेत तीव्र झाला की फीत संपृक्त होते, ध्वनीची टोके बोथट होतात आणि मूळ नादात नसलेले स्वरांश त्यात मिसळतात. ज्याला 'उबदारपणा' म्हटले जाते तो बऱ्याच अंशी या विकृतीचा परिणाम आहे. तो सुखद वाटतो, हे नाकारण्याचे कारण नाही. परंतु सुखद असणे आणि यथार्थ असणे या भिन्न गोष्टी आहेत. शिवाय घरगुती फिती अनेकदा प्रतीच्या प्रतीवरून तयार झालेल्या असतात आणि प्रत्येक प्रतीगणिक फितीची खरखर वाढत जाते. तरीही त्या ऐकल्या जातात, याचा अर्थच असा की रसिकाला अंतिमतः नादाची शुद्धता नव्हे, तर मैफल हवी असते.

जतन की संग्रह?

येथे या आवडीतील अंतर्विरोध स्पष्ट होतो. फितीवरील चुंबकीय कण धरून ठेवणारा लेप दमटपणामुळे विघटित होऊन चिकट बनतो, बुरशीही धरते. मुंबईचा पावसाळा फितीला प्रतिकूल आहे. युनेस्को आणि ध्वनिसंग्रहालयांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०१९ मध्ये चुंबकीय फितींविषयी धोक्याचा इशारा दिला. त्यामागे फितींच्या झिजेइतकीच चालू स्थितीतील यंत्रांची आणि सुट्या भागांची टंचाई ही चिंता होती. लॅमिंग्टन रोडवर किंवा चोर बाजारात एखादे हेड वा पट्टा शोधणारा हौशी दुरुस्तीकार या दृष्टीने जतनकार्यातील आवश्यक दुवा ठरतो.

मात्र यंत्र सुरू ठेवणे आणि फितीवरील गाणे वाचवणे या दोन गोष्टी एक नव्हेत. दुर्मीळ फीत आपल्यापुरती राखण्यात अनेकदा संग्राहकाची प्रतिष्ठा गुंतलेली असते. खासगी बैठकींचे मुद्रण पुष्कळदा गायकाच्या संमतीविना झालेले असल्याने संकोचही असतो. १९९४च्या दुरुस्तीने भारतीय कायद्याने कलावंताचा हक्क मान्य केला असल्यामुळे तो अनाठायी नाही. पण गुप्तता हे त्यावरील उत्तर नव्हे. अंकीय प्रत करून ती जबाबदार संग्रहालयाकडे सोपवणे, कलावंताच्या वारसांची संमती घेणे आणि वेष्टनावरील राग, गायक, स्थळ व तारीख यांची नोंद जपणे, हा मार्ग उपलब्ध आहे. तबकड्यांच्या बाबतीत १९९० मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्सने संग्राहकांची माहिती प्रकाशनांद्वारे अभ्यासकांपर्यंत पोहोचवली. फितींच्या संग्राहकांसाठी तो उपयुक्त आदर्श ठरेल.

समारोप

गिरगावातील जुन्या चाळी पुनर्विकासात जात आहेत. मेट्रोच्या स्थानकांसाठीही काही इमारती पाडण्यात आल्या. घर रिकामे करताना नाव नसलेली फीत प्रथम टाकून दिली जाण्याची शक्यता मोठी असते. ध्वनिफितीवरील प्रेम हे मैफलीच्या अखंड काळावरील प्रेम असेल, तर त्याची कसोटी यंत्राच्या चकाकीत नसून ते गाणे पुढच्या श्रोत्यापर्यंत पोहोचण्यात आहे. अल्लादियाखाँचे गाणे साधनाअभावी हरपले. फितीवर उतरलेले गाणे कपाटात हरपले, तर तो दोष साधनाचा असणार नाही.