मिलिमीटर की मिलिलिटर? सुवाह्य सिरिंज-पंपाच्या संकल्पनाची चिकित्सा

सुवाह्य सिरिंज-पंपाविषयीच्या लेखनात मोटर, मळसूत्र आणि बॅटरी यांची चर्चा विपुल असते. यंत्राच्या दर्शनी भागावर गतीचे कोणते एकक लिहिले आहे, या प्रश्नास मात्र परिशिष्टाएवढीच जागा मिळते. या उपकरणाचा इतिहास पाहता ही वाटणी उलटी झाली आहे, असे म्हणणे भाग पडते.

श्वासवेगमापकाचे जनक म्हणून वैद्यकात परिचित असलेले ब्रिटिश संशोधक मार्टिन राइट यांनी १९७० नंतरच्या दशकात हा छोटा पंप सिद्ध केला. थॅलॅसेमियाच्या रुग्णांना वारंवार रक्त द्यावे लागते व त्यामुळे शरीरात लोह साचत जाते. ते बाहेर काढणारे डेस्फेरिऑक्झामिन हे औषध त्वचेखाली कित्येक तास संथपणे दिले तरच गुणकारी ठरते. आणि तेवढा वेळ रुग्णास खाटेशी जखडून ठेवणे शक्य नव्हते. राइट यांची योजना साधी होती : बॅटरीवर चालणारी लहान मोटर ठरावीक अंतराने क्षणभर फिरावी, तिने मळसूत्र फिरवावे आणि मळसूत्रावर सरकणाऱ्या ठोकळ्याने दट्ट्या पुढे ढकलावा. १९७९ साली या यंत्राचे वर्णन प्रसिद्ध झाले. त्याच वर्षी असाध्य कर्करोगाच्या वेदनाशमनातही त्याचा उपयोग झाल्याची नोंद आहे.

राइट यांनी गती मिलिमीटरमध्ये मोजली. यांत्रिक दृष्टीने हा निर्णय प्रामाणिक होता, कारण यंत्राला ठाऊक असते ते केवळ दट्ट्याने कापलेले अंतर. सिरिंजचा व्यास त्याला ठाऊक नसतो. अंतर्व्यास १४.५ मिलिमीटर असेल तर दट्ट्याच्या एका मिलिमीटरला सुमारे ०.१७ मिलिलिटर द्रव बाहेर पडतो. व्यास १९ मिलिमीटर असेल तर सुमारे ०.२८. कोणतीही सिरिंज चालावी म्हणून संकल्पकाने आपल्या माथ्यावरचे गणित परिचारिकेच्या माथी दिले. यंत्र स्वस्त, हलके आणि टिकाऊ झाले, याचे श्रेय काही अंशी या व्यवहाराला द्यावे लागते.

खरा दोष पुढे उद्भवला. ग्रेसबी या नावाने हे यंत्र दोन रूपांत रूढ झाले : निळ्या रंगाचे एमएस १६ए ताशी मिलिमीटरचे, तर हिरव्या रंगाचे एमएस २६ चोवीस तासांच्या मिलिमीटरचे. आकार जवळजवळ एकच. ४८ मिलिमीटर लांबीचे औषध दिवसभर द्यावयाचे तर हिरव्यावर ४८ आणि निळ्यावर २ हा अंक लावावा लागे. निळ्यावर चुकून ४८ लावल्यास अख्ख्या दिवसाचे मॉर्फिन एका तासात शरीरात जाई. अशा चुकांत रुग्ण दगावले. त्या वेळी ‘निष्काळजीपणा’ हा शब्द सोयीचा वाटला. परंतु रात्रपाळीतील थकलेल्या व्यक्तीने केवळ रंगावरून चोवीसपटीचा भेद ओळखावा, ही अपेक्षाच मुळी संकल्पनातील त्रुटी होय. ब्रिटनच्या राष्ट्रीय रुग्णसुरक्षा संस्थेने डिसेंबर २०१० मध्ये मिलिमीटरचे पंप पाच वर्षांत सोडून ताशी मिलिलिटरच्या पंपांकडे वळण्याची सूचना केली, तीही यंत्र तीन दशके वापरात राहिल्यावर.

मिलिलिटरचे पंप सिरिंजचा बाह्य आकार संवेदकाने ओळखतात आणि गणित स्वतः करतात. येथे अनेक अभ्यासक समाधान पावतात. तसे कारण नाही. एकाच क्षमतेच्या, पण भिन्न उत्पादकांच्या सिरिंजांचे व्यास समान नसतात. म्हणून पंप उत्पादकाचे नाव विचारतो आणि वापरणाऱ्याने ‘होय’ म्हणावे अशी अपेक्षा धरतो. जेथे खरेदी निविदेने होते आणि उत्पादक वरचेवर बदलतो, तेथे यादीबाहेरची सिरिंज हाती आली म्हणजे जुनीच चूक लहान प्रमाणात परत येते. चोवीसपटीची नव्हे, काही टक्क्यांची. तथापि दिसत नसल्यामुळे ती दीर्घकाळ टिकते.

मळसूत्राच्या आट्यांतील ढिलाईचा प्रश्न त्यामानाने किरकोळ : ताशी २ मिलिमीटर गतीला पाव मिलिमीटरची ढिलाई म्हणजे आरंभी साडेसात मिनिटांचा विलंब. नळी औषधाने भरून घेतली व दट्ट्या ठोकळ्याला टेकवून घेतला की तो टळतो. पंप रुग्णापेक्षा उंच ठेवला आणि दट्ट्या पक्का धरलेला नसला, तर औषध आपल्याच भाराने वाहू लागते. दट्ट्याची पकड म्हणूनच अनिवार्य ठरते.

याहून बिकट आहे ती अडथळ्याची सूचना. ८ मिलिलिटर औषध दिवसभर द्यावयाचे तर गती ताशी ०.३३ मिलिलिटर पडते. नळी दबली आणि घंटा वाजेपर्यंत नळीच्या व रबरी टोकाच्या लवचिकपणात ०.२ मिलिलिटर सामावले असे धरले, तर घंटेस ३६ मिनिटे लागतील. तेवढा वेळ रुग्ण वेदनेत राहील, आणि नळी मोकळी होताच साचलेले औषध एकदम आत जाईल. घंटेचा दाब कमी ठेवावा, तर रबरी टोकाचे नैसर्गिक अडखळणेही अडथळा समजले जाईल व खोट्या घंटांना कंटाळून ती बंद ठेवली जाईल. प्रयोगशाळेत मुद्रित भाग जुळवून पंप तयार करणाऱ्या विद्यार्थ्यांनी गतीच्या अचूकतेचे आलेख जसे काढावेत, तसे बंद नळीवरील या विलंबाचेही काढावेत.