कुलवृत्तांतांतील स्त्रिया
छापील कुलवृत्तांतांत पुरुषांची मालिका अखंड दिसते. स्त्री मात्र बहुधा अमक्याची भार्या एवढीच उरते. विवाहसमयीं नांव पालटल्यानें माहेरचा धागाही तुटतो. वस्तुतः श्राद्धतर्पणांत माता, पितामही, प्रपितामही यांचा नामगोत्रपूर्वक उच्चार होतो. जेथें हा विधि चालतो तेथें तीन पिढ्यांचीं नांवें मुखोद्गत असतात. तीं न टिपणें हा संपादनाचा दोष होय. बाळाजी विश्वनाथांच्या पत्नी राधाबाई यांस केवळ वंशवृक्षांत शोधिलें असतें, तर बर्व्यांची कन्या व बाजीरावांची माता एवढेंच हातीं लागतें. इ. स. १७३५ मधील त्यांची उत्तरेची यात्रा कळली ती पत्रव्यवहारामुळें. सबब संग्राहकांनीं लग्नाच्या याद्या, जन्मपत्रिका, दानपत्रें व क्षेत्रोपाध्यांच्या वह्या वंशावळीशीं ताडून पाहाव्या. नुसत्या नांवानें चरित्र होत नाहीं. परंतु नांवावांचून शोधास आरंभही होत नाहीं.