ग्रह आणि छप्पर : ‘तृतीय रत्न’, मुक्ताचा निबंध आणि आपले प्रबोधन

अंधश्रद्धेविषयी मराठीत आजवर जे लिहिले गेले, त्यातील बरेचसे लेखन एका गृहीतावर उभे आहे. गृहीत असे की, खेड्यातला माणूस प्रश्न विचारीत नाही. तो मानतो, घाबरतो, नवस बोलतो. म्हणून शिकलेल्याने जावे आणि त्याला उत्तरे पुरवावीत. व्याख्यान, पोस्टर, चमत्काराचे प्रात्यक्षिक, टाळ्या. आणि शेवटची गाडी पकडून वक्ता परत. हे काम निरुपयोगी आहे असे कोणी म्हणणार नाही. परंतु ज्या गृहीतावर ते उभे आहे ते खरे आहे काय, याची तपासणी आपल्या समीक्षेने अद्याप केलेली नाही.

हिमायतनगरसारख्या गावापासून ही तपासणी सुरू करू. जुने नाव वाढोणा. नांदेड जिल्ह्याच्या तेलंगणाकडील अंगाला, मुदखेड-आदिलाबाद रेल्वेमार्गावरचे हे तालुक्याचे ठिकाण. बाजारात मराठी, उर्दू, तेलुगू आणि गोरबोली एकमेकींना धक्के मारीत चालतात. महाशिवरात्रीला परमेश्वराची यात्रा भरते, आणि त्याच गावातल्या चहाच्या बाकड्यावर ग्रहणात गरोदर बाईने विळी का धरू नये, साप डूख धरतो काय, भानामतीचे दगड कोण मारतो, यांवर वाद झडतात. ऐकणाऱ्याला दिसेल की येथे जिज्ञासेचा दुष्काळ नाही. दुष्काळ आहे तो प्रश्न नेऊन ठेवण्याच्या जागेचा. शाळेत प्रश्न विचारला तर धडा मागे पडतो, देवळात विचारला तर पाप लागते, आणि वाड्यावर विचारला तर ‘तू कोण?’ असा उलटा प्रश्न येतो.

याला इतिहास आहे. १९४८ पर्यंत हा मुलूख निजामाच्या राज्यात होता. हैदराबादेत १९१८ साली उस्मानिया विद्यापीठ निघाले; रसायन, पदार्थविज्ञान, वैद्यक हे सारे उर्दूतून शिकविण्याचा तो मोठा आणि धाडसी प्रयोग होता. त्यासाठी आदल्याच वर्षी भाषांतराचे खाते उभारले गेले. देशी भाषेत आधुनिक विज्ञान बोलता येते हे त्या प्रयोगाने दाखवून दिले, त्याचे श्रेय नाकारू नये. पण वाढोण्याच्या महारवाड्यात आणि मांगवाड्यात ती भाषा दरबाराची होती. म्हणजे आमच्या आजोबांच्या वाट्याला काय आले? विज्ञान उर्दूत, धर्म संस्कृतात; आणि शंका तेवढी स्वतःच्या बोलीत, तीही दाबलेल्या आवाजात.

या पार्श्वभूमीवर १८५५ सालचे दोन मराठी लेख शेजारी ठेवून वाचावेत असे मी सुचवितो. एक जोतीराव फुले यांचे नाटक ‘तृतीय रत्न’. दुसरा, त्यांच्याच शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवे या मांग मुलीचा निबंध. दोन्ही एकाच शहरातले, एकाच वर्षातले, एकाच चळवळीतले. आपल्या अभ्यासक्रमांत ते वेगवेगळ्या कप्प्यांत पडले: एक नाट्येतिहासात, दुसरा स्त्रीवादी वाङ्मयात. त्यामुळे दोहोंच्या मध्यभागी एकच प्रसंग आहे हे सहसा ध्यानात येत नाही. तो प्रसंग बाळंतपणाचा.

‘तृतीय रत्न’मध्ये जोशी कुणब्याच्या दारी येतो. घरातली बाई गरोदर आहे हे तो हेरतो आणि पोटातल्या बाळावर ग्रहांचे संकट असल्याचे सांगतो. उपाय म्हणजे अनुष्ठान आणि ब्राह्मणभोजन. नवराबायको कर्जाच्या खाईत उतरून तो उपाय करतात. पुढे पाद्र्याशी बोलणे होते, डोळे उघडतात, आणि ते जोडपे जोतीराव-सावित्रीबाईंच्या रात्रीच्या शाळेत जाण्याचे ठरविते. विद्या हे तिसरे रत्न, तिसरा डोळा, असा नाटकाचा आशय. हे नाटक दक्षिणा प्राइज कमिटीकडे गेले आणि कमिटीतील भटसभासदांच्या आग्रहापुढे युरोपियन सभासदांचे काही चालले नाही, असे जोतीरावांनीच ‘गुलामगिरी’त नमूद केले आहे. ते छापून वाचकांसमोर यायला १९७९ साल उजाडले. एका प्रश्नाला सव्वाशे वर्षे दाराबाहेर उभे राहावे लागले.

या नाटकाचे बळ कशात आहे? ग्रह बाळाला पीडा देतात की नाही, या वादात जोतीराव फार वेळ घालवीत नाहीत. ते तूप मोजतात. कोणी काय आणले, कोणी किती खाल्ले, पैसा कोणाकडून आला आणि कोणाकडे गेला, याची ते झडती घेतात. भीती ही येथे मनाची दुर्बलता म्हणून येत नाही. एका जातीने दुसऱ्या जातीकडून वसूल केलेला कर म्हणून येते. मराठी नाटक अजून पुराणकथांच्या पडद्याआड होते, त्या काळात हे घडले, ही गोष्ट लहान नव्हे.

जोतीरावांच्या कसोटीशेजारी आपल्या काळातली एक कसोटी ठेवून पाहू. २००८ च्या सुमारास जयंत नारळीकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी महाराष्ट्रात फलज्योतिषाची चाचणी घेतली. शंभर हुशार आणि शंभर मतिमंद मुलांच्या कुंडल्या जमविल्या. ज्योतिषांना प्रत्येकी चाळीस कुंडल्या दिल्या आणि हुशार कोण, मतिमंद कोण, एवढेच ओळखायला सांगितले. सत्तावीस ज्योतिषांची उत्तरे आली. बरोबर निघाली शेकडा ४६. नाणे उडविले असते तरी शेकडा ५० च्या आसपास बरोबर आली असती. चाचणी चोख होती आणि प्रत्येक कार्यकर्त्याने ती समजून घ्यावी. मात्र ती जोश्याच्या भविष्याची परीक्षा घेते. जोतीराव जोश्याच्या हिशेबवहीची परीक्षा घेतात. पहिल्या परीक्षेत जोशी नापास झाला तरी त्याचा धंदा बंद पडत नाही, कारण दारातल्या बाईची भीती जागच्या जागी असते. दोन्ही परीक्षा लागतात. पण आपले प्रबोधन पहिलीवरच संतुष्ट राहिले.

‘तृतीय रत्न’ची उणीवही स्पष्ट बोलली पाहिजे. ज्या बाईच्या पोटात बाळ आहे तिच्या भयाचा तळ नाटक पुरता खणत नाही. जोश्याचे कपट उघडे करतो विदूषक. समजावून सांगतो पाद्री. बाईला आणि तिच्या नवऱ्याला सत्य मिळते, पण ते पुष्कळसे दुसऱ्याच्या तोंडून मिळते. कथानकाच्या दृष्टीने शाळा हा शेवट आहे. खरे तर ती सुरुवात असायला हवी होती. त्या रात्रीच्या शाळेत बसून ही बाई काय विचारील?

त्याचे उत्तर मुक्ताच्या निबंधात आहे. १८५५ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये ‘ज्ञानोदय’ने तो छापला. वेदांवर ब्राह्मणांचीच मालकी असेल तर आम्हांला ग्रंथ नाही आणि म्हणून धर्मही नाही, असा बिनतोड निष्कर्ष काढून ही मुलगी थेट देवालाच विचारते की, आमचा धर्म कोणता ते सांग. पुढे ती बाळंतपणाकडे वळते. आमच्या बायका बाळंत होतात तेव्हा त्यांच्या घरावर छप्परही नसते, थंडी, पाऊस आणि वारा यांचा मारा त्यांना सोसावा लागतो, आणि बाळंतरोग झाला तर वैद्याला आणि औषधाला पैसा कोठून आणावा, असा तिचा सवाल आहे.

आता दोन्ही प्रसंग समोरासमोर ठेवा. जोशी म्हणतो, बाळाला ग्रहाची पीडा आहे. मुक्ता म्हणते, बाळाला आणि आईला छप्पर नाही. मुक्ताने ग्रहांचे खंडन केलेले नाही. तिला त्याची गरजच पडलेली नाही. तिने कारण आकाशातून खाली उतरवून घराच्या आढ्यावर आणले. कार्यकारणभाव शोधणे हा विज्ञानाचा प्राण मानला, तर मराठीतल्या वैज्ञानिक दृष्टीच्या इतिहासात हे पान आरंभी लागले पाहिजे. ते तेथे लागत नाही. आपण ते केवळ वेदनेचा उद्गार म्हणून वाचतो, करुणेने मान हलवितो आणि पुढे जातो. दलित लेखनाकडे वेदना म्हणून पाहायचे आणि विचार म्हणून पाहायचे नाही, ही प्रस्थापित समीक्षेची सवय आपल्याही अंगी मुरली आहे.

छपराचा हा प्रश्न मराठवाड्याने पुन्हा एकदा, फार भयंकर रीतीने पाहिला. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात भूकंप झाला आणि सुमारे दहा हजार माणसे गेली. कोणी देवीचा कोप म्हटले, कोणी पापाचा घडा भरला म्हटले. दख्खनचे पठार स्थिर आहे, येथे मोठा भूकंप व्हायचा नाही, असे शिकलेलेही मानीत होते. वर्षभर आधी, ऑक्टोबर १९९२ मध्ये, त्याच भागाला धक्के बसून गेले होते. म्हणजे जमिनीने प्रश्न टाकलेला होता. माणसे मेली ती प्रामुख्याने दगडमातीच्या जाड भिंती आणि माळवदांच्या ओझ्याखाली. पुढे अभ्यास झाला, आणि २००२ साली देशाचा भूकंपक्षेत्रांचा नकाशा सुधारताना हा भाग अधिक धोक्याच्या क्षेत्रात दाखविला गेला. विज्ञानाने आपले मत बदलले. देवीच्या कोपाचा सिद्धान्त असा कधी दुरुस्त होत नाही. आपण विज्ञानाच्या बाजूने उभे राहायचे ते या कारणासाठी: तेथे चूक दाखविता येते. परंतु जेथे चूक दाखविण्याचा अधिकार थोड्यांकडेच राहतो, तेथे विज्ञानाचीही पोथी होते.

हिमायतनगरच्या शिवारात हाच प्रश्न सापाच्या रूपाने येतो. पावसाळ्यात कापसात, सोयाबीनमध्ये हात घालणारी मजूर बाई साप चावला म्हणून मांत्रिकाकडे नेली जाते. २०१३ साली, नरेंद्र दाभोलकरांच्या २० ऑगस्टच्या खुनानंतर, महाराष्ट्राने जादूटोणाविरोधी कायदा केला. साप, विंचू किंवा कुत्रा चावलेल्या माणसाला वैद्यकीय उपचारापासून रोखून मंत्रतंत्र करणे हा आता गुन्हा आहे. हा कायदा अनेक वर्षांच्या लढ्याने मिळाला. तो प्रत्येक गावात माहीत व्हावा. पण त्या बाईच्या घरचा माणूस आपल्याला एक प्रश्न विचारतो: रात्री दोन वाजता वाहन कोठे आहे, आणि दवाखान्यात सर्पविषावरची लस आहे काय? हा प्रश्न मुक्ताच्या छपराचा सख्खा भाऊ आहे. जो प्रबोधनकार मंत्र खोटा म्हणून सांगतो आणि या प्रश्नाशी थांबत नाही, त्याचे भाषण खरे असूनही अपुरे राहते.

भानामतीचेही तसेच. नांदेड-लातूरपासून बिदरपर्यंतच्या पट्ट्यात हा शब्द जुना आहे. घरावर दगड पडतात, कपडे पेटतात. शोध घेतला की माणसाचाच हात सापडतो, हे अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कार्यकर्त्यांनी वारंवार दाखवून दिले. पुष्कळदा तो हात घरातल्या कोंडलेल्या माणसाचा असतो. हात पकडला म्हणजे काम संपत नाही. ज्या व्यक्तीला बोलायला दुसरी वाट नव्हती तिचे बोलणे तेथून सुरू व्हायचे असते. आणि करणी केल्याचा संशय गावकुसाबाहेरच्या घरावर किती सहज जाऊन बसतो, हे आपल्या वाचकांना सांगण्याची आवश्यकता नाही.

आता आपल्याच घरात पाहू. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी आपण देव सोडले. ती क्रांती होती. परंतु बुद्धविहारात एखाद्या पोराने ‘पुनर्जन्म नाही तर वंदना कोणाला?’ असे विचारले, की त्याला गप्प बसविणारे आपल्यातही निघतात. उदबत्ती लावणे सोपे, शंका सहन करणे अवघड. बाबासाहेबांनी औरंगाबादच्या महाविद्यालयाला मिलिंद हे नाव दिले. हे नाव भिक्षूचे नाही, गुरूचे नाही; प्रश्न विचारणाऱ्या राजाचे आहे. ‘मिलिंदपञ्ह’मध्ये वादाला आरंभ होण्यापूर्वी नागसेन अट घालतो: पंडितासारखे बोलणार असाल तर बोलू, राजासारखे बोलणार असाल तर नको. कारण राजाला उत्तर आवडले नाही की तो शिक्षा फर्मावितो. पंडित हरतो, दुरुस्त होतो, रागावत नाही. मराठवाड्याच्या खेड्यापाड्यांतून आलेल्या पोरांच्या माथ्यावर हे नाव कोरले गेले, याचा अर्थ आपण पुरता उलगडलेला नाही.

म्हणून विज्ञान, श्रद्धा आणि शिक्षण यांविषयीचे आपले साहित्य तपासताना मी दोन गोष्टी पाहायला सांगेन. त्यात प्रश्न विचारणारा माणूस कोण आहे, आणि उत्तर मिळाल्यावर तो पूर्वीपेक्षा उंच उभा राहतो की खाली बसतो? या कसोटीवर ‘तृतीय रत्न’ मोठे ठरते आणि तरीही अपुरे राहते. मुक्ताचा निबंध लहान असून ती उणीव भरून काढतो. दोन्ही लेखनांना तेव्हा पाद्र्याचा आधार घ्यावा लागला, एकाला पात्र म्हणून, दुसऱ्याला प्रकाशक म्हणून. स्वतःच्या गावात प्रश्नाला ओटा नव्हता. आज तो असायला हवा. हिमायतनगरात, किनवटात, औशात, जेथे आपले अभ्यासमंडळ बसते तेथे पुढच्या खेपेला वक्ता बोलवू नका. हे दोन लेख मोठ्याने वाचा, आणि वाचन संपल्यावर पहिला प्रश्न शेतातून आलेल्या बाईला विचारू द्या.